स्वस्त तिकीट नेमकं कुठलं? मोठ्या स्पर्धेचं दरपत्रक कसं वाचायचं

एकाच सामन्याची दोन तिकिटं. दोन्हींवर ‘कॅटेगरी १’ लिहिलेलं, दोघांनी मोजलेले पैसेही सारखेच. एक जण मध्यरेषेसमोर बसतो आणि दुसरा कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागे. दुसऱ्याच्या शेजारचा जिना ओलांडला की कॅटेगरी २ सुरू होते. तिथल्या माणसाला जवळपास तेच दिसत असतं, आणि त्याने बरेच कमी दिलेले असतात. यात फसवणूक बहुतेक वेळा नसते. कॅटेगरीची हद्द नकाशावर दाखवलेली असते, घेणाऱ्याने नाव वाचलेलं असतं आणि नकाशा वाचायचा राहिलेला असतो.

दरपत्रक किचकट वाटतं कारण एकाच आकड्यात चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं कोंबलेली असतात. खुर्ची कुठे आहे, सामना कोणता आहे, घेणारा कोण आहे, आणि विक्रीचा टप्पा कितवा आहे. हे चार धागे एकेक करून सुटे करायचे. त्याआधी मात्र एका शब्दाचा निकाल लावायला हवा.

‘टियर’ म्हणजे मजला की दराची पायरी?

स्टेडियमच्या भाषेत ‘लोअर टियर’ म्हणजे खालचा मजला आणि ‘अपर टियर’ म्हणजे वरचा. तिकीटविक्रीच्या भाषेत ‘टियर’ म्हणजे दराची पायरी. दोन्ही अर्थ एकाच पानावर येतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचंच बघा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत मिळून १०४ सामने. फिफाने कॅटेगरींचं वर्णन मजल्यांच्या भाषेत केलं: कॅटेगरी १ मुख्यतः खालच्या मजल्यावर, कॅटेगरी ४ वरच्या मजल्यावर, बाकीच्या दोन त्यांच्या मधे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये विक्री सुरू झाली तेव्हा दर ६० डॉलरपासून ६,७३० डॉलरपर्यंत होते. डिसेंबरमध्ये देशोदेशीच्या फुटबॉल संघटनांमार्फत चाहत्यांच्या राखीव तिकिटांचे दर बाहेर आले आणि अंतिम सामन्याचं त्यातलं सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरचं निघालं. चाहत्यांनी गदारोळ केला. मग फिफाने ‘सपोर्टर एंट्री टियर’ नावाची नवी पायरी जाहीर केली: प्रत्येक सामन्याला, अगदी अंतिम सामन्यालाही, ६० डॉलर.

ही बातमी वाचून ‘आता कुठलाही सामना ६० डॉलरमध्ये’ असं समजणारे कमी नव्हते. पण हा टियर म्हणजे मजला नाही आणि सर्वांसाठी खुला असलेला दरही नाही. प्रत्येक सामन्यात खेळणाऱ्या दोन्ही देशांच्या संघटनांना विक्रीच्या तिकिटांपैकी प्रत्येकी ८ टक्के मिळतात. त्या ८ टक्क्यांतला दहावा हिस्सा ६० डॉलरचा, आणि तो त्या संघटनेने ठरवलेल्या निष्ठावान चाहत्यांसाठी. आता हिशेब करा. विक्रीला ५०,००० तिकिटं असतील तर एका संघाच्या वाट्याला ४,०००, त्यातली ६० डॉलरची ४००. दोन्ही संघांची मिळून ८००. म्हणजे हजारातल्या सोळा खुर्च्या.

म्हणून दरपत्रकातला सर्वांत लहान आकडा दिसला की पहिला प्रश्न ‘कुठे बसवणार?’ हा नको. ‘हा कुणासाठी आहे?’ हे आधी विचारा. त्याचं उत्तर ‘तुमच्यासाठी नाही’ असं असेल तर तो आकडा चक्क खोडून टाका. खरं दरपत्रक त्याच्यानंतर सुरू होतं.

पहिला धागा: खुर्ची

स्टेडियमचा नकाशा मोठ्या पडद्यावर उघडा. मोबाइलवर सगळे रंग एकमेकांत मिसळतात. प्रत्येक कॅटेगरीचा रंग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहा, आणि त्या कॅटेगरीतली सर्वांत वाईट जागा शोधा. हे अगदी सवयीचं करून घ्या. जाहिरातीत दिसते ती सर्वांत चांगली जागा, आणि सोडतीत तुमच्या वाट्याला कुठली येईल याचा भरवसा नसतो. ती सर्वांत वाईट जागा त्या पैशाला चालणार असेल तरच पुढे जा.

महाग म्हणजे चांगलं, हे समीकरण खेळागणिक बदलतं. फुटबॉलमध्ये मध्यरेषेजवळच्या जागा महाग असतात आणि गोलमागच्या स्वस्त. पण खेळ समजून घ्यायचा असेल तर वरच्या मजल्यावरची मध्यरेषा खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी सरस, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली कोपऱ्यात बसलं की पलीकडच्या गोलसमोर काय चाललंय ते पडद्यावरच बघावं लागतं. टेनिसमध्ये कोर्टाच्या टोकाला बसलं की चेंडू समोरून येतो-जातो आणि मान सारखी इकडून तिकडे वळवावी लागत नाही. ॲथलेटिक्समध्ये शेवटच्या रेषेजवळच्या जागा महाग असणारच, पण लांब उडी बघायला गेलेल्या माणसाला त्या जागेचा काय उपयोग? अगदी पहिली रांगही नेहमी चांगली नसते. जाहिरातींचे फलक, राखीव खेळाडूंचा बाक, कॅमेरे असं काहीबाही आड येतं.

तिकिटाच्या वर्णनात ‘मर्यादित दृश्य’ अशा अर्थाचे शब्द आहेत का तेही बघा. खांब, कठडा किंवा छपराची कड आड येणार असेल तर ते तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. पैसे भरताना खुर्चीचा क्रमांक मिळणार आहे की फक्त कॅटेगरी? सोडतीच्या पद्धतीत सहसा फक्त कॅटेगरी निवडता येते, जागा नंतर ठरते. चौघांना एकत्र बसायचं असेल तर चारही तिकिटं एकाच अर्जात घ्या. दोघांनी वेगवेगळे अर्ज करून एकच कॅटेगरी निवडली म्हणून शेजारी जागा मिळत नाही. २०२६ च्या विश्वचषकात एका सामन्याला एका व्यक्तीला चारच तिकिटं घेता येतात. पाच जणांच्या गटाने फाटाफूट होणार हे धरूनच चालायचं.

दुसरा धागा: सामना

साखळी फेरी स्वस्त आणि अंतिम फेरी महाग, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातल्या खाचाखोचा मात्र मजेदार आहेत. विम्बल्डनमध्ये स्पर्धा पुढे सरकते तसा सेंटर कोर्टचा, म्हणजे मुख्य कोर्टचा, दर चढतो. कोर्ट क्रमांक १ चा दर मात्र दुसऱ्या आठवड्यात उतरतो, कारण तोवर मोठे सामने सेंटर कोर्टवर गेलेले असतात. म्हणजे एकाच दिवशी एकाच आवारात एक दर चढता आणि दुसरा उतरता. त्यात कुठल्या कोर्टवर कोण खेळणार हे आदल्या संध्याकाळी कळतं. आवडत्या खेळाडूसाठी महिनोन् महिने आधी महागडं तिकीट काढणारा खरं तर त्या खेळाडूचं तिकीट काढतच नाही. त्याच्या हाती येतो एक दिवस आणि एक कोर्ट.

ऑलिंपिकमध्ये तिकीट सामन्याचं नसतं, सत्राचं असतं. एका सत्रात प्राथमिक फेऱ्या असतात, दुसऱ्यात अंतिम फेऱ्या आणि पदकं. तारीख तीच, मैदान तेच, खेळही तोच, पण सकाळ आणि संध्याकाळच्या दरांत मोठं अंतर असतं. सत्राचा क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि पैसे भरण्याआधी पुन्हा ताडून बघा. चुकीच्या सत्राचं तिकीट काढल्यावर चूक घेणाऱ्याचीच धरली जाते.

तिसरा धागा: माणूस

ठरावीक लोकांसाठीच्या दराची उदाहरणं भरपूर आहेत. कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकात कॅटेगरी ४ फक्त तिथल्या रहिवाशांसाठी होती आणि साखळी सामन्याला ४० रियाल पडत. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याची ‘फॅन्स फर्स्ट’ तिकिटं, २०२४ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ६० पौंडांची, अंतिम फेरीत पोचलेल्या दोन क्लबांच्या चाहत्यांसाठीच असतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठरावीक सत्रांना सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांचा दर म्हणजे त्यांचं वय: सात वर्षांच्या मुलीला सात पौंड. इतकी सरळ सवलत फार थोड्या दरपत्रकांत सापडते.

सवलतीचं तिकीट घेताना तीन गोष्टी तपासा: प्रवेशद्वारावर पुरावा मागणार का, वय कोणत्या तारखेला मोजणार, आणि ते तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का. व्हीलचेअरसाठीच्या जागेचं तिकीट घेत असाल तर सोबतच्या माणसाचं तिकीट त्यातच धरलं आहे की वेगळं काढायचं, हे लेखी विचारून घ्या. प्रत्येक स्पर्धेत हा नियम निराळा असतो.

चौथा धागा: विक्रीचा टप्पा

आधीची विक्री, सोडत, मग ‘आधी येईल त्याला’ आणि शेवटी फेरविक्री, असा साधारण क्रम असतो. काही स्पर्धांत या टप्प्यांमध्ये दर तसाच राहतो. २०२६ च्या विश्वचषकात मागणीप्रमाणे बदलणारे दर ठेवले आहेत. अशा वेळी दोन महिन्यांपूर्वीचा तक्ता मित्राने पाठवला तर तो फक्त इतिहास म्हणून वाचायचा. आकडा लिहाल तिथे तारीखही लिहा.

सोडतीच्या अर्जात सर्वांत जास्त जपायला हवं. लंडन ऑलिंपिकच्या अर्जात एकापेक्षा जास्त दरपायऱ्या चालतील असं सांगण्याची सोय होती. स्वस्त मिळालं नाही तर त्याहून महाग द्या, असा त्याचा अर्थ. २०११ च्या मे महिन्यात लोकांच्या खात्यातून पैसे गेले आणि नेमकी कुठली तिकिटं मिळाली हे जूनमध्ये कळलं. मधले दिवस लोक बँकेच्या आकड्यावरून तर्क लढवत बसले होते.

आजही बऱ्याच सोडतींत नंबर लागला की कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात, ‘नको’ म्हणायची संधी मिळत नाही. म्हणून ‘सगळेच अर्ज थोडेच लागणार आहेत’ या हिशेबाने पाच सामन्यांसाठी अर्ज करू नका. सगळे लागले असं धरून बेरीज करा. ती बेरीज बघून घाम फुटला तर एकेक अर्ज कमी करत जा.

शेवटचा आकडा

तक्त्यातला दर आणि कार्डावरून जाणारी रक्कम यांत सेवाशुल्क, कर आणि कधी चलन बदलण्याचा खर्च असतो. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून थेट कार्यक्रमांच्या तिकिटांची सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत आधीच दाखवणं बंधनकारक झालं आहे. इतरत्र हाच आकडा कधी कधी शेवटच्या पानावर उगवतो. तुलना करायची ती त्याच आकड्यांची.

फेरविक्रीत तर आणखी एक पायरी वाढते. फिफाच्या अधिकृत फेरविक्रीत विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के घेतात. विकणाऱ्याने १०० डॉलर सांगितले तर तुम्ही ११५ देता, त्याला ८५ मिळतात. विम्बल्डनमध्ये डिबेंचरची (आधी मोठी रक्कम देऊन काही वर्षांसाठी घेतलेल्या जागांची) तिकिटं सोडली तर बाकीची दुसऱ्याला विकताच येत नाहीत. कुणी स्वतःला सोडतीत मिळालेलं सेंटर कोर्टचं तिकीट तुम्हाला विकायला आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

‘हॉस्पिटॅलिटी’ हा प्रकार या तक्त्यात धरूच नका. त्यात जेवण आणि दालनाचे पैसे मिसळलेले असतात, त्यामुळे खुर्चीची किंमत किती हे कळायला मार्ग नसतो.

आता एका कागदावर आडव्या ओळी मारा आणि प्रत्येक तिकिटासाठी लिहा: कॅटेगरीतली सर्वांत वाईट जागा, सामना किंवा सत्र क्रमांक, अट, दर पाहिल्याची तारीख, एकूण रक्कम. नावं लिहायची गरज नाही. ‘प्रीमियम’, ‘सिल्व्हर’, ‘व्हॅल्यू’ ही विक्रेत्याची गाणी आहेत, या पाच रकान्यांत ती बसत नाहीत.

पैसे भरलेल्या दिवशी नकाशाचा आणि कॅटेगरीच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण विक्रीच्या टप्प्यांमध्ये नकाशे बदलले जाऊ शकतात. खुर्चीचा क्रमांक आला की तो त्या जुन्या नकाशावर शोधा. जागा तुमच्या कॅटेगरीच्या हद्दीबाहेर असेल तर तेच चित्र, ब्लॉकचा क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक जोडून सामन्याआधीच लेखी तक्रार करा. प्रवेशद्वारावरच्या स्वयंसेवकाकडे त्यावर काही इलाज नसतो.