मेंटेनन्स अप्रेंटिसची प्रॅक्टिकल चाचणी: कपलिंग अलाइनमेंटची तयारी कशी करावी

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात मेंटेनन्स अप्रेंटिससाठी प्रॅक्टिकल घेतात, तेव्हा कामं थोड्याफार फरकानं तीच असतात: मोजमाप, बेअरिंग बसवणं, डीओएल स्टार्टरची (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरची) जोडणी आणि मोटर-पंपाच्या कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे कपलिंगनं जोडलेले दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं. आयटीआयची दोन वर्षं फिटर किंवा एमएमटीएमला (मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स) कानस चालवण्यात गेलेली असतात, म्हणून मुलं शेवटचे आठवडेही जॉब घासण्यातच घालवतात. घासण्यात आता फार फरक पडणार नाही. वेळ द्यायचा तो अलाइनमेंटला, कारण तिथे हात आणि हिशोब दोन्ही लागतात आणि परीक्षकाला पाच मिनिटांत कळतं की समोरचा मुलगा डायल (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारा गेज) वाचतोय की नुसता शाफ्ट फिरवतोय.

बाकीची कामं

मोजमापात आधी झिरो एरर (जबडे मिटल्यावरही शून्याऐवजी दिसणारा आकडा) बघा आणि कागदावर लिहा. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. मायक्रोमीटर रॅचेटनेच मिटवायचा, थिंबल आवळायचं नाही. सरावासाठी जुन्या बाजारातून व्हर्नियर आणणार असाल तर जबडे मिटून उजेडाकडे धरा. फट दिसली तर तिथेच ठेवून या, फुकट मिळाला तरी.

बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे बोअर, आतल्या भोकाचा व्यास. ६२०५ चा बोअर २५ मिमी. मात्र ००, ०१, ०२, ०३ ला हा नियम नाही. ते अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवर, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. उलटं केलं तर सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या खाचेवर) खळगे पडतात. तापवून बसवायचं असेल तर ११० अंशांच्या आसपास थांबा. गॅसच्या ज्योतीवर धरू नका.

स्टार्टरमध्ये स्टॉप बटण एनसी (एरवी बंद संपर्क), स्टार्ट एनओ (एरवी उघडा), स्टार्टला समांतर कॉन्टॅक्टरचा १३-१४ संपर्क, आणि ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये. जोडायच्या आधी कॉइलवरचं व्होल्टेज वाचा. २३० व्होल्टच्या कॉइलला ४१५ दिलं की परीक्षा तिथेच संपते. ओव्हरलोडचं सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरवर.

कपलिंगला हात लावण्याआधी

आयसोलेटर (मोटरचा मेन स्विच) बंद, कुलूप, टॅग, किल्ली स्वतःच्या खिशात. मग स्टार्टचं बटण दाबून मोटर सुटत नाही याची खात्री. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग या सर्किटवर, मग परत चालू लाइनवर. हे सगळं परीक्षकाला दिसेल असं करा, तोंडानं सांगतही राहा. गार्ड त्यानंतर काढायचा.

अलाइनमेंट

‘कपलिंगवर पट्टी ठेव, गॅपमध्ये फिलर गेज घाल, झालं’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पट्टी आणि फिलर (फट मोजायच्या पातळ पात्या) हे कच्च्या जुळवणीसाठी. त्यानं मोटर डायलच्या आवाक्यात येते, एवढाच त्याचा उपयोग. दोन्ही हब (शाफ्टवर बसणारे कपलिंगचे अर्धे भाग) नेमक्या सारख्या व्यासाचे आणि शाफ्टशी समकेंद्री असतील असं कुणी सांगितलं? पट्टी हबचा कडा दाखवते. आपल्याला शाफ्टची मध्यरेषा हवी आहे.

मोटर हलवायची, पंप नाही. पंपाला पाइप जोडलेले असतात. तो हलवला की पाइपचा ताण केसिंगवर येतो. हा प्रश्न हमखास विचारतात.

सुरुवात सॉफ्ट फूटपासून, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. मोटरच्या चार पायांपैकी एखादा बेसवर नीट टेकत नसेल, तर बोल्ट आवळताना तो खाली ओढला जातो, मोटरची फ्रेम पिळवटते आणि शाफ्ट जागा बदलतो. मग दर वेळी आवळलं की रीडिंग वेगळं येतं आणि माणूस डायलला शिव्या देत बसतो. आधी पायांखालच्या जुन्या गंजलेल्या शिम (उंची जुळवायचे पातळ पत्र्याचे तुकडे) काढून टाका, बेस आणि पायांचे तळ तारेच्या ब्रशनं घासा, बर (कडेला उठलेले धातूचे कंगोरे) कानशीनं उतरवा. चारही बोल्ट आवळा. डायलचा स्टँड बेसवर ठेवा, टोक पायावर बोल्टजवळ. आता फक्त तोच बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर तेवढ्या जाडीची शिम त्या पायाखाली. बोल्ट पुन्हा आवळून पुढच्या पायाकडे. दोन बोल्ट एकदम सैल ठेवून केलेली तपासणी फुकट जाते.

कधी पायाच्या एका कोपऱ्यात फिलर जातो आणि दुसऱ्यात जात नाही. म्हणजे पाय तिरका आहे. सपाट शिम कितीही घाला, तो पिळवटणारच. हे परीक्षकाला स्पष्ट सांगा आणि तिरक्या गॅपप्रमाणे पायरीपायरीनं शिम घाला.

शिमबद्दल काही गोष्टी. एका पायाखाली तीन, फार तर चार. त्याहून जास्त झाल्या की गादीसारखं दबतं. कात्रीनं कापलेल्या शिमला बर राहते, ती सपाट करा. आणि शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक शिम मायक्रोमीटरनं मोजा. सरावासाठी शिमचा पत्रा पुण्यातल्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. पावसाळ्यात साधा लोखंडी पत्रा आठवड्यात गंजतो, म्हणून स्टेनलेसचा घ्या.

आता डायल. स्टँड पंपाच्या हबवर, एका डायलचं टोक मोटरच्या हबच्या कडेवर (बाहेरच्या घेरावर), दुसऱ्याचं तोंडावर (पंपाकडच्या सपाट बाजूवर). टोक प्रवासाच्या साधारण मध्यावर दाबलेलं हवं, म्हणजे काटा दोन्ही बाजूंना फिरू शकेल. दोन्ही हबवर खडूनं खूण करा आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा. एकच फिरवला तर हबचा वाकडेपणा रीडिंगमध्ये शिरतो. फिरवायचं एकाच दिशेनं. पुढे गेलात तर मागे येऊ नका, पूर्ण फेरी घ्या.

हबला घड्याळाची तबकडी समजा. वर बाराला शून्य करा. तीन, सहा आणि नऊला रीडिंग घ्या आणि चिन्हासकट लिहा. टोक आत गेलं की अधिक, बाहेर आलं की उणे. तीन कुठल्या बाजूला, म्हणजे कुठे उभं राहून घड्याळ बघताय, हेही कागदावर हवं. बाराला परत आल्यावर काटा शून्यावर आला पाहिजे, आणि तीन अधिक नऊ ही बेरीज बारा अधिक सहा एवढी भरली पाहिजे. ०.०२-०.०३ पेक्षा जास्त फरक असेल तर स्टँड सैल आहे किंवा टोक घसरतंय. पुढचा हिशोब करू नका, परत घ्या.

उदाहरण घेऊ. कडेच्या डायलवर तीनला +०.१०, सहाला +०.४०, नऊला +०.३०. बेरीज जुळते. सहाचा आकडा अधिक, म्हणजे मोटर खाली आहे. किती? ०.४० चा अर्धा, ०.२० मिमी. अर्धा का, तर मध्यरेषा ०.२० नं सरकली की कडा एका बाजूला तेवढा जवळ आणि समोरच्या बाजूला तेवढाच लांब होतो. डायल दोन्हींची बेरीज दाखवतो. अर्धा न करता ०.४० ची शिम घालणारे दर बॅचला सापडतात.

तोंडाच्या डायलवर सहाला +०.१०, आणि टोक फिरतं तो व्यास १०० मिमी. तोंडाच्या रीडिंगला अर्धा करायचा नाही. टोक खाली आत गेलंय, म्हणजे गॅप खाली कमी आणि वर जास्त. मोटरची मागची बाजू खाली झुकली आहे. उतार ०.१० भागिले १००, म्हणजे दर १०० मिमीला ०.१०. कपलिंगपासून पुढचे पाय १२० मिमीवर, मागचे ३२० मिमीवर धरू. पुढे ०.१२, मागे ०.३२. त्यात आधीचे ०.२० मिळवा: पुढच्या दोन्ही पायांखाली ०.३२ आणि मागच्या दोन्हींखाली ०.५२. हातात ०.३० आणि ०.५० असेल तर तेच घाला, दोन्हीकडे ०.०२ च कमी राहतं, कोन शिल्लक राहत नाही. चारही पायांखाली सरसकट ०.२० घातलं असतं तर कडेचा डायल छान दिसला असता आणि झुकाव तसाच राहिला असता.

तोंडाचं रीडिंग घेताना शाफ्ट पुढेमागे सरकला तर ते खोटं ठरतं. म्हणून प्रत्येक रीडिंगच्या वेळी दोन्ही शाफ्ट एकाच बाजूला दाबून धरा.

स्टँडची दांडी लांब असेल तर ती स्वतःच्या वजनानं वाकते. तीच मांडणी एका जाड सरळ पाइपवर बसवा, वर शून्य करा, पाइप फिरवून खाली बघा. −०.०४ आलं तर तेवढा दांडीचा झोल. कपलिंगवरच्या सहाच्या रीडिंगमध्ये ०.०४ मिळवायचे. वरच्या उदाहरणातले आकडे झोल धरूनच आहेत.

उंची जुळल्यावरच आडवं सरकवा, आधी नाही. शिम घालताना मोटर हलतेच. उदाहरणात नऊ आणि तीनचा फरक ०.२०, अर्धा ०.१०. अधिक आकडा नऊला, म्हणून मोटर नऊच्या बाजूला सरकलेली आहे. ती तीनकडे ०.१० आणायची. तोंडाच्या डायलचा तीन-नऊचा फरक उंचीसारखाच उताराच्या हिशोबानं बसवा. मोटरच्या बाजूला पुढच्या आणि मागच्या पायाशी डायल लावा आणि काटा बघत जॅक बोल्टनं (मोटर आडवी ढकलायला बेसवर असलेल्या बोल्टनं) ढकला. जॅक बोल्ट नसतील तर लाकडी ठोकळा मध्ये ठेवून हलके ठोके. मोटरच्या पायावर थेट घणाचा घाव घातला की परीक्षकाचं पेन चालायला लागतं.

मग बोल्ट आडवे-तिडवे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळा आणि संपूर्ण रीडिंग पुन्हा घ्या. परीक्षेच्या शीटवर जाणारं रीडिंग हेच, सैल बोल्टवरचं नाही. १५०० आरपीएमच्या मोटरला मध्यरेषेतला फरक ०.०५ मिमीच्या आत आणायचं धोरण ठेवा. शीटवर वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. गरम द्रव ओढणारा पंप असेल तर चालताना तो वर उचलला जातो आणि पंप थंड असताना मोटर मुद्दाम थोडी वर ठेवतात. किती, ते पंपाच्या मॅन्युअलमधून घ्यायचं. परीक्षकानं विचारलं तर अंदाजे आकडा फेकू नका.

शेवटी खडूच्या खुणा पुसा, गार्ड बसवा, हत्यारं मोजून परत द्या, मग कुलूप काढा. पहिल्यांदा मोटर क्षणभरच सोडून दिशा बघा. शीटवर पहिलं आणि शेवटचं, दोन्ही रीडिंग चिन्हासकट आणि प्रत्येक पायाखालच्या शिमची मोजलेली जाडी लिहा, सही करा.