गच्चीवरच्या पोर्क रिब्ज चिवट का होतात? या चुका टाळा

गॅस ग्रिलवर पहिल्यांदा रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या केल्या, तेव्हा साताऱ्याहून ताई आणि दाजी आले होते. आमच्या सांगलीच्या घरात पोर्क स्वयंपाकघरात चालत नाही. आईने गच्चीची परवानगी दिली, तीही परात, सुरी, चिमटा सगळं वेगळं ठेवायच्या अटीवर. चाळीस मिनिटांत रिब्ज वरून झकास तांबूस-काळ्या झाल्या. दाजींनी एक हाड उचललं, दोनदा ओढून पाहिलं आणि परत ताटात ठेवलं. "पाव्हणं, दात आजून माझंच हायती. तेवढं ऱ्हाऊ द्या." त्या रात्री सगळ्यांनी भडंगावर भागवलं.

चूक मसाल्याची नव्हती. मी रिब्ज चापसारख्या भाजल्या होत्या, आणि त्या करायच्या असतात पायासारख्या. पाया शिजत ठेवला की तासाभरात "झाला का?" म्हणून आपल्याकडे कुणी विचारत नाही. बरगडीचं मांसही त्याच जातीचं, हाडाला घट्ट धरून बसलेलं आणि कोलॅजनने, म्हणजे मांस जोडून ठेवणाऱ्या चिवट तंतूंनी भरलेलं. पोर्कचा अख्खा तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसला पोचला आणि तीन मिनिटं तसाच राहू दिला, की खायला सुरक्षित, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. पण सुरक्षित म्हणजे मऊ नव्हे. कोलॅजन साधारण ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा गार झाल्यावर थलथलतो, तो या जिलेटिनमुळेच. रिब्जना ९० ते ९५ अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि तेही घाई न करता. माझ्या चाळीस मिनिटांत बाहेरून कोळसा झाला आणि आत नुसतं शिजलेलं रबर राहिलं.

दुकानातच होणारी चूक

मांस कापणाऱ्याचा हात सवयीने कोयत्याकडे जातो. आपण "रिब्ज द्या" म्हणेपर्यंत त्याने रश्श्याचे तुकडे पाडलेले असतात. आधीच सांगा, अख्खी पट्टी हवी, तोडायची नाही. तुकडे केले की प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी सुकतो. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर ते फीतकृमीचं लक्षण असू शकतं. ओळखीचं दुकान असलं तरी तो माल घेऊ नका. गोठवलेली पट्टी आणली असेल तर आदल्या दिवशी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात सुटू द्या. सांगलीच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

घरी आल्यावर पट्टी उलटी करा. हाडांच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही, उलट कागदासारखा ताठ होतो आणि मसालाही आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा त्याखाली सरकवून सैल करा, कोरड्या फडक्याने धरा आणि सरळ ओढा. नुसत्या बोटांनी धरायला गेलात तर सुळकन निसटतो. मध्येच फाटला तर दुसऱ्या हाडापासून पुन्हा सुरुवात करायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण हेच टाळलं जातं.

पपई, दही आणि आपला मसाला

मटणाच्या सवयीने आपण कच्ची पपई वाटून रात्रभर चोळून ठेवतो. पपईतलं पपेन, म्हणजे मांस मऊ करणारं द्रव्य, आतवर पोचत नाही, वरच्या थरावर मात्र काम करत राहतं. सकाळी वरचं मांस पिठासारखं भुसभुशीत आणि आतलं तसंच चिवट. मी तरी पपई सोडून दिली. दह्याने इतकं बिघडत नाही, पण पृष्ठभाग ओला राहतो आणि रंग धरायला वेळ लागतो.

आदल्या रात्री नुसतं मीठ चोळा, किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे. वरून कांदा-लसूण मसाला लावणार असाल तर मीठ कमी करा, कारण त्यात आधीच मीठ असतं. आणखी एक, या मसाल्यात भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं असतं. थेट ज्योतीवर ते पाच मिनिटांत जळून कडू होतं आणि मग दोष मिरचीला जातो. ज्योतीपासून बाजूला, मंद उष्णतेवर मात्र हाच मसाला तीन तास सुखाने टिकतो.

ज्योत मांसाखाली नको

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. ग्रिलला तीन बर्नर आहेत म्हणून तिन्ही पेटवायचे नसतात. एका टोकाचा एकच पेटवा आणि पट्टी दुसऱ्या टोकाला ठेवा, हाडांची बाजू खाली. झाकण बंद. ग्रिलच्या आत ११० ते १३० अंश धरायचे. मांसाखाली पाणी घातलेला ट्रे ठेवला की चरबी त्यात पडते आणि भडका उडत नाही.

झाकणावरच्या काट्यावर मी बरेच दिवस डोळे मिटून विश्वास ठेवला. तो वरच्या हवेचं तापमान सांगतो. मांस असतं खाली जाळीवर, आणि दोन्हींत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. ओव्हनचा स्वस्त थर्मामीटर जाळीवर पट्टीशेजारी ठेवा. सगळ्यात बारीक ज्योतीलाही १३० च्या वर जात असेल तर झाकण इंचभर उघडं ठेवून बघा.

धुराची चव हवी असेल तर वाळलेल्या आंब्याच्या लाकडाचे तुकडे फॉइलच्या भोकं पाडलेल्या पुडीत बांधून पेटत्या बर्नरवर ठेवावेत. छाटणी झाली की तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या काड्यांचे ढीग दिसतात आणि मोह होतो. फ्रान्समध्ये बोर्डोकडे अशा काड्यांवर मांस भाजतातही. पण आपल्या बागांवर किती फवारण्या होतात हे शेजारच्या बागायतदाराला विचारा, तोच नको म्हणेल.

दोन तासांनी काटा हलेनासा होतो

मांसात टोचलेल्या थर्मामीटरवर तापमान ६५-७० अंशांपर्यंत भराभर चढतं आणि मग तासभर जागचं हलत नाही. इथे बहुतेक जण घाबरून गॅस मोठा करतात. मीही केला. सिलिंडर संपला की काय, म्हणून खाली जाऊन रेग्युलेटर हलवून आलो. खरं कारण आपल्या माठात आहे. माठ पाझरतो, पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. मांसही तसंच पाझरत असतं. ग्रिल जेवढी उष्णता देतं तेवढी वाफ घेऊन जाते. पाझर आटला की काटा पुन्हा चढतो.

थांबायची तयारी नसेल तर पट्टी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आत दोन-तीन चमचे पाणी किंवा व्हिनेगर घाला. वाफेला जायला जागा उरत नाही आणि काटा सरकतो. माझा हिशोब असा: दोन-सव्वादोन तास उघडी, सव्वा ते दीड तास फॉइलमध्ये, शेवटची वीस मिनिटं पुन्हा उघडी. पाठीकडच्या पातळ बरगड्या याहून लवकर होतात, पोटाकडच्या जाड पट्टीला पाच तासही लागतात. फॉइलमध्ये फार वेळ ठेवली तर मांस हाडावरून गळून पडतं. काहींना ते आवडतं. मला तो खिमा वाटतो.

आणि झाकण. दर दहा मिनिटांनी पाहुण्यांना दाखवायला उघडलं की उष्णता गेली, वेळ वाढला. पहिला दीड तास हातही लावू नका.

कुकरच्या चार शिट्ट्या काढून मग ग्रिलवर टाकणारे आहेत. मऊ होतात, नाही असं नाही. पण अर्धी चव कुकरच्या पाण्यात उतरते, मग त्या पाण्याचा रस्सा तरी करा.

झाल्या का, कसं ओळखायचं

पट्टी मधोमध चिमट्याने उचला. दोन्ही टोकं लोंबली आणि वरच्या मांसाला भेगा पडल्या, तर झाल्या. सळईसारखी ताठ राहिली तर अजून अर्धा तास. हाडांची टोकं सेंटिमीटरभर उघडी पडलेली दिसतात, पण नुसतं त्यावर जाऊ नका. थर्मामीटरची सुई दोन हाडांच्या मध्ये टोचा. हाडाला टेकली तर आकडा फसवतो. हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं असं नाही. धुराने आणि हाडातल्या मगजाने तसा रंग येतो. ९० अंश दाखवले असतील तर निर्धास्त खा.

गूळ, चिंच आणि लाल तिखटाची चटणी शेवटच्या वीस मिनिटांतच लावायची, पातळ दोन हात. गूळ आधी लावला की काळा पडून कडू होतो.

गॅस आणि वारा

पेटवताना झाकण उघडं असलंच पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून बंद बाल्कनीत ग्रिल नकोच. दाजींच्या गच्चीवर, अजिंक्यताऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याने एकदा झाकणाखालचा बर्नर विझला आणि पाच-सात मिनिटं आम्हाला कळलंच नाही. अशा वेळी लगेच लायटर मारायचा नाही. नॉब बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं गप्प बसायचं, मग पेटवायचं. पत्रा आडोशाला लावा, पण ग्रिलच्या मागच्या झरोक्यांपासून लांब. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का हेही दर वेळी बघा.

सिलिंडर मध्येच संपू नये म्हणून आधी त्यावर ओलं फडकं फिरवा. जिथवर गॅस आहे तिथवरचा ओलसर पट्टा उशिरा सुकतो. तरीही संपलाच, तर फॉइलमधली पट्टी ओव्हनमध्ये १३० अंशांवर पूर्ण करा. चवीत फारसा फरक पडत नाही. आमच्याकडे तोही ओव्हन स्वयंपाकघरात असल्याने तो मार्ग बंद.

दुसऱ्या दिवसासाठी उरल्याच तर फॉइलमध्ये चमचाभर पाणी घालून मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये त्या पुन्हा चिवट होतात. आणि चरबीचा ट्रे त्याच रात्री, थोडा कोमट असतानाच रिकामा करा. गार झाल्यावर चरबी थिजते आणि खरवडून काढावी लागते. मी एकदा सकाळवर ढकललं. सहाला आई तुळशीला पाणी घालायला वर गेली, तेव्हा ट्रेभोवती मुंग्यांची रांग आणि शेजारी दोन मांजरं बसलेली होती.