अनोळखी नंबरवरून फोन आल्यावर होणाऱ्या चुका, या टाळा

"अनोळखी नंबर उचलूच नका" हा सल्ला सगळे देतात आणि तो कुणाच्याच कामाचा नाही, कारण कुरियरवाला, गॅसवाला, पॅथॉलॉजी लॅबचा माणूस, शाळेच्या व्हॅनचा नवीन ड्रायव्हर हे सगळे अनोळखी नंबरवरूनच फोन करतात. नुसता फोन उचलल्याने काही पैसे जात नाहीत. जातात ते आपण लाईनवर थांबतो म्हणून, समोरचा विचारत जातो आणि आपण मुकाट्याने उत्तरं देत जातो म्हणून. फोन तोंडावर ठेवणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, फसवणाऱ्यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

पहिली चूक, "त्याला माझी सगळी माहिती होती हो, म्हणजे बँकेचाच असणार." नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे, खातं कुठल्या बँकेत, एवढं सांगितलं की माणूस विरघळतो. पण आपण आधारची झेरॉक्स कुठेकुठे देतो ते आठवा जरा. सिमकार्डवाला, लॉज, लोनचं ॲप, सोसायटीचा भाडेकरू फॉर्म. असल्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे समोरच्याला माहिती असणं हा कसलाही पुरावा नाही.

दुसरी, लाईट बिलाची. मेसेज येतो की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होईल, ताबडतोब अमुक ऑफिसरला फोन करा, आणि खाली साधा दहा आकडी मोबाईल नंबर. फोन केला की तिकडचा एकदम सभ्य, "बिल भरलंय ना सर? मग फक्त सिस्टीमला अपडेट नाही झालं, दहा रुपये भरून टाका, मी लिंक पाठवतो." लिंकवरून जे ॲप उतरतं ते स्क्रीन शेअरिंगचं असतं. तुम्ही दहा रुपये भरायला म्हणून कार्ड नंबर टाकता, मेसेज उघडता, आणि तो तिकडे बसून सगळं बघत असतो. दहा रुपयांसाठी कोण कशाला फसवेल, असं वाटतं म्हणून तर रक्कम दहाच ठेवलेली असते! आता खरं काय ते ऐका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी लाईट तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आज मेसेज आणि आज रात्री कट असं होत नाही. शंका असेल तर महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून बघा नाहीतर १९१२ ला फोन करा, मेसेजमधल्या नंबरला नको.

याचाच भाऊ म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप इन्स्टॉल करणारी फाईल. कधी आरटीओचं चलान म्हणून, कधी लग्नाची पत्रिका म्हणून, आणि बरेचदा ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असतो, पत्रिका "इन्स्टॉल" करावी लागत नाही. हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग ओटीपी परस्पर तिकडे जातो. "मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता" असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं हेच झालेलं असतं.

यूपीआयचं थोडक्यात सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. जुना सोफा विकायला टाकला आणि गिऱ्हाईक म्हणालं "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील", की फोन ठेवा. "चुकून तुमच्या खात्यात दहा हजार आले, प्लीज परत करा" वाल्यांच्या बाबतीत मेसेज बघू नका, बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स बघा, बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं.

आता सगळ्यात वाईट प्रकार, डिजिटल अरेस्ट. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले किंवा तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगची केस आहे असं सांगून व्हिडिओ कॉल लावतात, समोर वर्दीतला माणूस, मागे पोलिसांचा बोर्ड, सुप्रीम कोर्टाच्या नावाचा कागद. डिजिटल अरेस्ट असला प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येसुद्धा हे सांगितलं होतं, तरी रिटायर्ड प्रोफेसर, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले लोक अडकतातच. त्यांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. आयुष्यभर ज्यांनी कधी पोलीस स्टेशनची पायरी चढली नाही तेच जास्त घाबरतात. शिवाय पद्धत बघा, कॉल कट करायचा नाही, फोन चार्जिंगला लावून समोर ठेवायचा, खोलीचं दार लावायचं, घरात कुणाला सांगितलं तर त्यांनाही आत टाकू. मग एफडी मोडायला लावतात आणि बजावतात की बँकेत विचारलं तर फ्लॅट घेतोय म्हणून सांगा. इथेच ओळखायचं! खरा पोलीस तुम्हाला बँकेत खोटं बोलायला सांगणार नाही आणि "तपासणीसाठी" पैसे कुठल्या खात्यात भरायलाही लावणार नाही. घरात आई-बाबा किंवा आजोबा सकाळपासून दार लावून हळू आवाजात फोनवर बोलत असतील तर सरळ आत जा आणि कॉल कट करा, रागावले तर रागावू दे.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं हीपण चूकच, पहिला दिसलेला नंबर भलत्याचाच असू शकतो. कार्डच्या मागे किंवा पासबुकवर असतो तो लावा. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आणि जाहिरातीच्या कॉलसाठी १४० वाले ठरवून दिलेत, त्यामुळे साध्या मोबाईलवरून "मी बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आणि पैसे गेलेच तर? लोक आधी घरात भांडतात, मग ओळखीचा पोलीस शोधतात, मग दुसऱ्या दिवशी बँकेत जातात, तोवर रक्कम चार-पाच खाती फिरून एटीएममधून निघालेली असते. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन लावा, व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा, तक्रार वेळेत गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. लगोलग बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. एपीके टाकली असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि १९३० ला दुसऱ्याच्या फोनवरून बोला.

काही दिवसांनी अजून एक फोन येतो, "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." बऱ्याचदा हा त्याच टोळीतला असतो, त्यांच्याकडे तुमचा नंबर आहेच.

पैसे गेले नाहीत, नुसता फोन येऊन गेला, तरी दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या साईटवर 'चक्षू' म्हणून सोय आहे तिथे तो नंबर टाकून ठेवा, दोन-चार मिनिटांचं काम आहे.