एडिनबरा दोन दिवसांत : या चुका टाळा

लंडनहून रेल्वेने येऊन दीड-दोन दिवसांत एडिनबरा बघायचं, असा बेत आपल्याकडचे पुष्कळ जण आखतात. शहर आटोपशीर आहे, तेवढ्यात पोटभर बघून होतं. फसगत होते ती नकाशामुळे.

मोबाइलवर जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. आईला घेऊन आम्ही त्या चौकाशी पोचलो, तर तिथे चौकच नाही! कठड्यावरून वाकून पाहिलं तर काउगेट पार खाली, माणसांचे नुसते माथे दिसत होते. पुलाला दोन्हीकडून इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की आपण पुलावर आहोत हे चालताना उमगतच नाही. असं अडकलात तर व्हिक्टोरिया स्ट्रीटने उतरा. रंगीत दुकानांचा तो वळणदार उतार ग्रासमार्केटला आणतो, काउगेट तिथूनच सुरू होतो. पायऱ्याही लागत नाहीत.

वेव्हर्ली स्टेशन तर दोन चढांच्या मधल्या खोलगटात आहे. हॉटेल रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर असेल आणि नकाशा ‘पाच मिनिटं’ म्हणत असेल, तर ती पाच मिनिटं बहुधा एखाद्या ‘क्लोज’मधून जातात. क्लोज म्हणजे इमारतींमधला अरुंद बोळ. कितीतरी क्लोजमध्ये कोकणातल्या पाखाडीसारख्या पायऱ्याच पायऱ्या. बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा. सिटी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, त्यामुळे कार्डच टेकवा.

दिवसभर पाय मोडल्यावर संध्याकाळी आर्थर्स सीट ही टेकडी चढायला निघू नका. उंची २५१ मीटरच, पण वाट खडकाळ आणि वर वारा सोसाट्याचा. त्याऐवजी काल्टन हिल गाठा, थोडक्या चढात अख्खं शहर दिसतं. छत्रीही त्या वाऱ्यात उलटते, टोपीचं जाकीटच हवं. पाऊस लागलाच तर नॅशनल म्युझियममध्ये शिरा. प्रवेश मोफत, आणि क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच आहे.

किल्ल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून एरवी दुपारी एकला तिथे तोफ डागतात. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८६१ मध्ये ही प्रथा सुरू झाली. एकच्या आधी वर पोचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्रमच उलटा केला. टॅक्सीने थेट किल्ल्यापाशी गेलो आणि तिथून होलीरूड राजवाड्यापर्यंतचा १.८ किलोमीटरचा रॉयल माइल उताराने, रमतगमत चाललो. आई एकदाही बसली नाही.