पॉलिशचं मशीन दारात येण्याआधी

गणपती उठले की दरवर्षी आमच्या सोसायटीत कुठल्या तरी मजल्यावरून फरशी पॉलिश करायच्या मशीनची घरघर सुरू होते आणि दिवाळीपर्यंत ती थांबत नाही. म्हणून सगळ्यात आधी तारीख. पाऊस ओसरलेला हवा, पण दिवाळी निदान तीन आठवडे लांब हवी. भर पावसात फरशी नीट वाळत नाही, आणि सणाच्या तोंडावर कारागीर एकाच दिवशी दोन घरं धरून धावत असतो. त्याच वेळी रंगकाम काढणार असाल तर लांबी आणि पहिला हात आधी उरकून घ्या, मग पॉलिश, आणि रंगाचा शेवटचा हात त्यानंतर. मशीनखालचं गढूळ पाणी भिंतीवर फूट-दीड फूट सहज उडतं.

फोन करण्याआधी आपल्या घरात फरशी कोणती आहे हे स्वतः ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जुन्या इमारतींतून पुष्कळ ठिकाणी मोझेक दिसते, म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी बसवलेली फरशी. तिचा खडीचा थर काही मिलिमीटरचाच असतो आणि प्रत्येक घासाईत थोडा झिजतो, त्यामुळे ‘दरवर्षी करून घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शहाबादी फरशी येते कर्नाटकातल्या शहाबादहून, कोटा येतो राजस्थानातून, आणि दोन्ही चुनखडीचेच दगड. मोझेक, शहाबादी, कोटा आणि संगमरवर, या चौघांना पॉलिश होतं. व्हिट्रिफाइड टाइल्सची गोष्ट वेगळी. त्यांची चकाकी कारखान्यातूनच येते आणि वरचा चकाकता थर मशीनने एकदा घासला गेला की टाइल कायमची मंद पडते. त्यांना फक्त मशीनने धुणं आणि सांधे साफ करणं, एवढंच काम असतं. त्याचे पैसे पॉलिशच्या दराने देऊ नका.

शंका असेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटांनी पुसा. जागा मंद झाली, बोटाला किंचित खरखरीत लागली, तर दगडात चुना आहे. लिंबाने एवढं होत असेल तर संडास धुण्याच्या ॲसिडने काय होईल ते समजून घ्या आणि ते या फरशीवर कुणालाही ओतू देऊ नका, पॉलिशवाल्यालासुद्धा. डाग जावेत म्हणून सुरुवातीलाच ॲसिड मारणारे भेटतात. ‘आमच्याकडे ॲसिड नको’ हे काम ठरवतानाच सांगून टाका.

मग एक नाणं घ्या आणि घरभर फरशी ठोकत फिरा. भरीव ठिकाणी आवाज बद्द येतो, पोकळ ठिकाणी डबडब येतो. पोकळ आणि हलत्या फरश्यांवर खडूने फुली मारा. मशीनच्या वजनाखाली त्याच तडकतात, आणि मग ‘आधीचीच होती’ असा वाद होतो. अशा फरश्या आधी गवंड्याकडून बसवून घ्या आणि चांगल्या मुरू द्या. सांधे उघडे पडले असतील तर पांढरं सिमेंट आणि फरशीशी जुळणारा रंग भरून घेणं पॉलिशवाल्याच्या कामात आहे का, ते विचारा. भरल्यावर एक रात्र तरी जाऊ द्यावी लागते. त्याच दिवशी घासलं तर भरलेलं सगळं निघून येतं.

माप टेपने स्वतः घ्या. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट. दर चौरस फुटाचा असला तरी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर) आणि जिना पायरीमागे वेगळा लागतो, तेही आधीच लिहून ठेवा. दर विचारताना ‘किती हात मारणार, कोणत्या नंबरच्या बट्ट्या लावणार’ हेही विचारा. बट्ट्या म्हणजे मशीनखाली बसवायचे घासायचे दगड. जाड बट्टीपासून बारीक बट्टीपर्यंत पायरीपायरीने गेलं तरच ओरखडे निघतात. मधली एखादी पायरी गाळली की दर स्वस्त होतो आणि फरशीवर गोल गोल रेषा उरतात. आधी केलेलं एखादं घर बघायला मागा. तिथे खोलीच्या मध्ये बघू नका. दाराच्या मागे, खांबाच्या कडेला आणि स्कर्टिंगच्या खाली बघा. नंतर आपल्याच घरी पलंगाखालच्या दोन बाय दोन फुटांवर नमुना करून दाखवायला सांगा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

आता जे सगळ्यात जास्त राहून जातं ते, राड्याचं. घासताना दगडाची पूड आणि पाणी मिळून दाट राडा तयार होतो. माझ्या आईच्या घरी कामगारांनी तो सरळ नहाणीच्या जाळीत ढकलला. दोन दिवस सगळं ठीक होतं, तिसऱ्या दिवशी पाणी तुंबलं. प्लंबरने नहाणीच्या दोन फरश्या फोडल्या तेव्हा ट्रॅपच्या वळणात करड्या रंगाचा, दगडासारखा घट्ट गोळा बसलेला होता. तेव्हापासून मी काम सुरू होण्याआधी घरातली प्रत्येक जाळी प्लास्टिक आणि ओल्या गोणपाटाने स्वतः बंद करते, बाल्कनीची पन्हळसुद्धा. राडा वायपरने ओढून सुपलीने टबात भरायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं आणि खालचा गाळ सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून डेब्रिजच्या गाडीत द्यायचा. ती गोणी कोण नेणार, हेही बोलीत घ्या.

विजेचं बघा. दोन हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण दीड किलोवॅट, ती टीव्हीच्या 6 अँपच्या पॉइंटवर लावू देऊ नका. गिझर किंवा एसीचा 16 अँपचा पॉइंट मोकळा करून द्या. पाण्यात उभं राहून चालणारं काम आहे, म्हणून ईएलसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण आदल्या दिवशी दाबून बघा. वायर जोड लावलेली दिसली तर बदलायला सांगा. कोपरे हातमशीनने कोरडे घासतात तेव्हा उडणारी दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, म्हणून पाणी मारूनच घासायला लावा आणि मास्क आपणच आणून ठेवा. गमबूट नसतील तर विचारायला लाजू नका. माणूस आपल्या घरी काम करतोय.

बाकीचं चटकन होतं. सोसायटीच्या ऑफिसात आवाजाची वेळ विचारून लेखी कळवा, खालच्या घराला सांगून ठेवा. टाकीचं पाणी कुठल्या वेळेला येतं ते बघून पिंपं भरून ठेवा. पडदे काढा, जे हलत नाही त्याला प्लास्टिक आणि टेप, दारं खाली घासत असतील तर बिजागरीतून उतरवा. सामान एका खोलीत लावून निम्मं निम्मं घर करायचं ठरवलं तर दिवस वाढतात, पण राहता येतं. शेवटच्या हाताला चमक आणायला ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरत असतील तर ते संडासाचं ॲसिड नव्हे, पण तीही विषारी असते, फरशी स्वच्छ धुऊन होईपर्यंत रांगती बाळं आणि मांजर घरात नकोत. म्हातारं माणूस असेल तर त्याला त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा. ओल्या फरशीवर पाय सटकून खुब्याचं हाड मोडलेलं मी शेजारी पाहिलं आहे.

आणि पैसे. ओली फरशी नेहमीच चमकते, संध्याकाळी काम संपल्यावर ती सुंदरच दिसणार. म्हणून एक हिस्सा सकाळसाठी राखून ठेवा आणि ते आधीच बोलून ठेवा. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा आणि भिंतीच्या कडेकडेने सरकत जा. जिथे गोल रेषा उठतील तिथे खडूची खूण करा. सकाळी कारागीर आला की चहा द्या, खुणा दाखवा, तेवढा भाग परत घासून घ्या, आणि उरलेले पैसे हातात ठेवा.