सांगलीची हवा मोजताना: गच्चीवरच्या फिल्टरपासून रस्त्यावरच्या धुळीपर्यंत

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत सांगलीही आहे. काम दोघांत वाटलेलं आहे. मोजणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली उपप्रादेशिक कार्यालयाकडे, जे कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. रस्ते, कचरा आणि बांधकामं सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे. झाडू-मशीन कुठं फिरवायचं आणि शेकोट्या कुठं विझवायच्या, हे ठरतं गच्चीवरच्या यंत्रातल्या एका फिल्टर-कागदावर. म्हणून आधी तो कागद नीट सांभाळायचा.

जागा

सॅम्पलरचं, म्हणजे हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टरवर गोळा करणाऱ्या यंत्राचं, तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर हवं. झाडं २० मीटरपेक्षा लांब हवीत. शेजारची भिंत किंवा पाण्याची टाकी सॅम्पलरहून जितकी उंच असेल, त्याच्या दुपटीहून जास्त अंतर सोडायचं. चारपैकी किमान तीन बाजूंनी वारा मोकळा लागला पाहिजे. गच्ची मिळाली की लगेच यंत्र चढवायची घाई होते. त्याआधी खाली बेकरीची भट्टी, हॉटेलचा धूर किंवा जनरेटर नाही ना, ते बघा. तासगाव किंवा मिरजपूर्व भागात बेदाण्याच्या हंगामात आणखी एक गोष्ट बघावी लागते. शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, आणि यंत्र त्या वाऱ्यात असेल तर सल्फर डायऑक्साइडचा आकडा त्या शेडचा येतो, गावाचा नाही.

फिल्टर

पीएम १० साठी, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी, २० बाय २५ सेंटिमीटरचा काचतंतूंचा फिल्टर लागतो. तो आधी उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाद. मग २४ तास कोरड्या, स्थिर तापमानाच्या जागेत किंवा डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत वजन करा. वापरून झाल्यावरही तेच २४ तास आणि तोच वजनकाटा. पावसाळ्यात किंवा नदीकाठच्या धुक्याच्या दिवसांत ही पायरी गाळली तर धुळीबरोबर ओलही वजनात येते आणि आकडा फुगतो.

उलटी चूकही होते. फ्रेमचे नट फार आवळले की कागदाच्या कडा गॅस्केटला चिकटतात आणि काढताना तंतू तिथंच राहतात. मग वजन कमी भरतं, हवा उगाच स्वच्छ दिसते. नट हातानंच, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे. काढलेला फिल्टर मळकी बाजू आत करून दुमडायचा.

चोवीस तासांची पाळी

वर्षात १०४ दिवस, म्हणजे आठवड्यातून दोनदा, २४ तास मोजणी. धुळीचा फिल्टर दर ८ तासांनी आणि वायू शोषून घेणारी द्रावणं दर ४ तासांनी बदलायची. यंत्र सुरू केल्यावर पाच मिनिटं थांबून प्रवाह लिहा, बंद करण्याआधी पुन्हा लिहा आणि दोन्हींची सरासरी घ्या. वेळ घड्याळावर न धरता यंत्राच्या टाइमरवर धरा, कारण मध्ये वीज गेली तर घड्याळ चालू राहतं आणि यंत्र थांबतं. ब्रशवाल्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की प्रवाह हळूहळू उतरतो, तेव्हा तेही बघत राहा.

हिशेब असा. सुरुवातीचा प्रवाह १.१४ आणि शेवटचा १.०६, म्हणजे सरासरी १.१ घनमीटर प्रति मिनिट. ४८० मिनिटांत ५२८ घनमीटर हवा. फिल्टर २.७४२० ग्रॅमवरून २.८०८० ग्रॅम झाला, तर वाढ ६६,००० मायक्रोग्रॅम. भागिले ५२८, म्हणजे १२५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. तिन्ही पाळ्यांची सरासरी हा त्या दिवसाचा आकडा. रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी जिना चढायचा कंटाळा म्हणून बुडवली, तर हिवाळ्यात नेमका जमिनीलगत साचलेला धूरच हिशेबातून निसटतो.

वायूंसाठीच्या इंपिंजरभोवती, म्हणजे द्रावणाच्या ज्या नळीतून हवा बुडबुड्यांनी जाते तिच्याभोवती, बर्फ हवाच. सल्फर डायऑक्साइडचं द्रावण उन्हात तापलं की शोषलेला वायू घटतो. त्या द्रावणात पारा असतो, त्यामुळे वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं.

आकडा वाचताना

२००९ च्या मानकानुसार २४ तासांची मर्यादा पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे आणखी बारीक कण) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाची (एक्यूआय) गंमत वेगळीच आहे. पीएम १० जर १६० आलं तर त्याचा निर्देशांक १४० येतो आणि वर्ग लागतो ‘मध्यम’. वाचणाऱ्याला वाटतं, बरं चाललंय. प्रत्यक्षात मानक दीडपटीच्या वर ओलांडलेलं असतं. फलकावर लावताना निर्देशांकासोबत मूळ आकडाही लिहावा.

उपाय ठरवण्यासाठी मात्र निर्देशांकापेक्षा गुणोत्तर कामाचं. एकाच जागी, एकाच दिवशी मोजलेल्या पीएम २.५ ला पीएम १० नं भागा. उत्तर ०.३ च्या आसपास आलं तर मुख्यतः रस्त्याची आणि मातीची धूळ. ०.६ च्या वर गेलं तर जळणाचा धूर. हे ढोबळ माप आहे, पण निम्मे पैसे चुकीच्या जागी जाण्यापासून वाचवतं.

धूळ निघाली तर

रस्त्याच्या मोजलेल्या तुकड्यावरची माती ब्रशनं गोळा करा, ७५ मायक्रॉनच्या चाळणीनं चाळा आणि खाली पडलेल्या बारीक धुळीचं प्रति चौरस मीटर वजन लिहा. झाडू-मशीन फिरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. फरक पडला नसेल तर आधी मशीनच्या पाण्याच्या नोझल बघा. त्या तुंबल्या की कोरडा ब्रश धूळ उचलण्याऐवजी उडवतो. गोळा केलेली माती पुढच्या वळणावर ओतली तर सगळी मेहनत फुकट. टँकरनं पाणी मारणं फोटोला बरं, पण उन्हाळ्यात त्याचा परिणाम फार टिकत नाही. टिकाऊ उपाय म्हणजे डांबराच्या कडेपासून गटारापर्यंतच्या उघड्या पट्टीत ब्लॉक बसवणं, आणि पाइपलाइनसाठी खणलेले चर नुसत्या मुरमानं न बुजवणं.

धूर निघाला तर

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात पहिला संशय उसाच्या पाचटावर, म्हणजे वाळल्या पानांवर. कुठला प्लॉट कधी तुटणार हे कारखान्याच्या चिटबॉयला (ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला) माहीत असतं. त्याच्याकडून तोडणीची यादी घ्या, म्हणजे काडी पडायच्या आत शेतात पोहोचता येतं. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवणाऱ्याला सांगायचा पर्याय असा: पाचट सरीत पसरून त्याची कुट्टी करायची. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यावरून खताचा हिशेब होतो. नुसती दंडाची नोटीस दिली तर जाळणं थांबत नाही, फक्त रात्रीवर जातं.

कारखान्याच्या चिमणीला धूलिकणांची मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आहे. नमुना घेताना बॉयलर तासाला किती टन वाफ देतोय ते नोंदवा, कारण अर्ध्या भारावर कुठलीही चिमणी गुणी दिसते. बगॅस (बॉयलरमध्ये जळणारा उसाचा चोथा) जास्त ओला असेल किंवा स्क्रबरचे (पाण्यानं धूर धुणाऱ्या यंत्राचे) नोझल तुंबले असतील तर आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. तक्रार आलेल्या वेळा बॉयलरच्या नोंदवहीशी ताडून पाहा.

वीटभट्टीसाठी २०२२ च्या नियमांत वस्ती आणि फळबागांपासून किमान ८०० मीटरचं अंतर आहे. समडोळी आणि बेडग रस्त्यांवरच्या कचरा डेपोंना आग लागू नये म्हणून उन्हाळ्याआधीच मातीचा थर द्यावा. आतून धुमसणारा ढीग वरून पाणी मारून विझत नाही, तो उकरावा लागतो.

फरक पडला की नाही, हे बघताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. मार्चचा आकडा ऑगस्टशी ताडला तर सारं श्रेय पावसालाच जाईल. तुलनेच्या कागदावर वाऱ्याची दिशा, पावसाचे दिवस आणि कारखान्यांचा गळीत सुरू झाल्याची तारीख हे तीन रकाने आधीच आखून ठेवा.