पफिन बघायला हेइमाएला जाताय? मग संध्याकाळीच जा

आइसलँडच्या दक्षिणेला वेस्टमन बेटं आहेत, त्यातलं लोकवस्तीचं एकच, हेइमाए, १९७३ साली इथे गावाच्या कडेलाच जमीन फाटून ज्वालामुखी उसळला होता. पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी, इथे साधारण एप्रिल अखेरीपासून ऑगस्टपर्यंत असतात. बरेच जण सकाळच्या फेरीबोटीने येतात, दुपारी कड्यावर जातात आणि पक्षीच नाहीत म्हणून नाराज होऊन परततात, अहो दुपारी ते समुद्रावर मासे पकडत असतात ना! संध्याकाळी सातनंतर स्टोरहोफ्दीला, म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाच्या कड्यावर जा, जून-जुलैत उजेड रात्री उशिरापर्यंत असतो त्यामुळे फोटोचं टेन्शन नाही. तिथे पक्षी बघायला छोटीशी लाकडी केबिन आहे, आत गप्प बसायचं, थोड्या वेळाने चोचीत बारीक मासे आडवे धरलेला एखादा पफिन धपकन गवतात उतरतो, इकडेतिकडे बघतो आणि बिळात गायब.

बिळावरून आठवलं, कड्याच्या कडेला गवतावर अजिबात चालू नका, खाली जमीन पोखरलेली असते, पाय आत गेला तर पिल्लू जातं आणि कदाचित तुम्हीही. वारा तर भयानक, छत्री घरीच ठेवा, विंडप्रूफ जॅकेट आणि कानटोपी हवीच.

आणि हो, फेरीबोट नेहमी आइसलँडच्या मुख्य बेटावरच्या लांदेयाहोफ्न बंदरातून सुटते, साधारण ४० मिनिटं लागतात, पण समुद्र खवळला की ती लांबच्या थोर्लाक्सहोफ्न बंदरातून सोडतात आणि मग प्रवास पावणेतीन तासांच्या आसपास जातो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी चेक करा आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.